‘कोअर’ या शब्दाचा गुंता : फेडोराच्या मूळ पॅकेज-संचाची पार्श्वभूमी

फेडोरा या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, म्हणजे तिच्यातला मूळ पॅकेज-संच, हलका करायचा म्हटलं की आधी ‘कोअर’ या शब्दाशी झटापट करावी लागते, कारण त्याचे तीन वेगळे अर्थ एकमेकांत मिसळले आहेत.

नोव्हेंबर 2003 मध्ये आलेल्या पहिल्या आवृत्तीचं नावच ‘फेडोरा कोअर’ होतं. तेव्हा कोअर ही एक रेपॉझिटरी, म्हणजे पॅकेजांचं (इन्स्टॉल करायच्या सॉफ्टवेअर-गठ्ठ्यांचं) भांडार होती. तिच्यातली पॅकेजं फेडोराच्या पाठीशी असलेली कंपनी सांभाळायची आणि स्वयंसेवकांची पॅकेजं ‘एक्स्ट्राज’मध्ये जायची. म्हणजे पॅकेज कोअरमध्ये आहे की नाही, हे त्याच्या देखभालीचा धनी कोण यावरून ठरायचं, त्याच्या गरजेवरून नव्हे. आख्खे डेस्कटॉपसुद्धा कोअरमध्येच होते. मे 2007 मध्ये फेडोरा 7 ने ही भिंत पाडली आणि नावातून ‘कोअर’ गेलं. माझ्या मते फेडोराच्या इतिहासातला तो सर्वांत चांगला निर्णय.

शब्द मात्र दुसरीकडे टिकून राहिला. इन्स्टॉलर ज्यातून पॅकेजांचे गट वाचतो, त्या कॉम्प्स फाइलमध्येही ‘कोअर’ नावाचा गट आहे आणि किमान इन्स्टॉल निवडलं की तोच येतो. पुढे कंटेनर (यजमान मशीनचाच कर्नल वापरून एखादं सॉफ्टवेअर वेगळं चालवणारी छोटी पाकिटं) आले आणि तिसरा अर्थ जन्मला. तिथे कर्नल (सिस्टमचं केंद्र) नको, मशीन सुरू करणारा बूटलोडर नको, बहुतेक वेळा सेवा सुरू करून सांभाळणारं सिस्टमडीही नको. त्यामुळे ‘कोअर कमी करा’ म्हणणाऱ्या दोघांच्या डोळ्यांसमोर बरेचदा दोन वेगवेगळ्या याद्या असतात. शिवाय गटाच्या यादीतून नाव खोडलं तरी दुसऱ्या कुणाची तरी डिपेन्डन्सी (म्हणजे त्याला चालायला लागणारं पॅकेज) म्हणून तेच पॅकेज परत येतं. खरं काम यादीत नसून डिपेन्डन्सींत आहे, हे समजायला बरीच वर्षं गेली.

2013 च्या फेडोरा 20 मध्ये डीफॉल्ट इन्स्टॉलमधून मेल पाठवणारा सेंडमेल आणि सिस्टमच्या नोंदी ठेवणारा आरसिसलॉग काढले, तेव्हा यादीवरच भांडण झालं. 2016 च्या फेडोरा 24 ने वेगळी वाट धरली. त्याआधी ग्लिबसी या सी भाषेच्या मूळ लायब्ररीसोबत सगळ्या भाषांचे लोकेल (तारीख, क्रमवारी वगैरेंचे भाषावार नियम) एकत्र यायचे आणि ती एकच फाइल 100 एमबीच्या वर जायची. ती फोडून भाषावार लँगपॅक केले. आता छोट्या इमेजमध्ये मराठी लोकेल लावायचं तर ‘ग्लिबसी-लँगपॅक-एमआर’ स्वतःहून टाकावं लागतं. हे आपल्याला गैरसोयीचं आहे, तरी विभागणी योग्यच होती.

फेडोराच्या आरपीएम या पॅकेज-प्रणालीत 4.12 पासून ‘रेकमेंड्स’ ही सैल, म्हणजे नसली तरी चालणारी डिपेन्डन्सी आली. सक्तीच्या कितीतरी डिपेन्डन्सी तिच्यात बदलता आल्या असत्या. पण पॅकेजं बसवणारा डीएनएफ हा प्रोग्राम रेकमेंड्सही आपोआप बसवतो, म्हणून कागदावर पॅकेज हलकं होतं आणि डिस्कवर आधीइतकंच राहतं. कंटेनर बांधणारे ही सवय सेटिंगमधून बंद करतात. सामान्य वापरकर्त्याला काही तुटलेलं वाटू नये म्हणून हा डीफॉल्ट ठेवला, हे कारण खरं आहे. पण लहान मशीनवाल्यांचा विचार त्यात मागे पडला.

2019 मध्ये इन्स्टॉल लहान करण्याचं हे काम फेडोरा प्रकल्पाचं अधिकृत उद्दिष्ट झालं. त्यातला सिस्टमडीचा प्रश्न पाहण्यासारखा आहे. इन्स्टॉल होताना एक सिस्टम-युजर तयार करायचा म्हणून एखादं पॅकेज कंटेनरमध्ये आख्खं सिस्टमडी ओढून आणायचं. त्यावर उपाय म्हणून फक्त तेवढंच काम करणारी सुटी ‘स्टँडअलोन’ पॅकेजं बनवली. तोच कोड दोनदा बांधावा लागतो ही मेंटेनरांची (पॅकेजं सांभाळणाऱ्यांची) तक्रार रास्त आहे, पण ओझं खरोखर कमी झालं.

ऑक्टोबर 2024 मध्ये फेडोरा 41 मध्ये पायथॉनवर चालणाऱ्या जुन्या डीएनएफच्या जागी सी++ मध्ये लिहिलेला डीएनएफ5 डीफॉल्ट झाला आणि पॅकेज बसवायला पायथॉन लागेनासा झाला. किमान इन्स्टॉलमधला, फायरवॉल सांभाळणारा फायरवॉलडी मात्र पायथॉनवरच चालतो, त्यामुळे तिथे पायथॉन अजून आहेच.