मॅडिसन, अँगस

(६ डिसेंबर १९२६ – २४ एप्रिल २०१०). ब्रिटिश आर्थिक इतिहासकार. इसवी सनाच्या आरंभापासून आजपर्यंतची देशोदेशींच्या उत्पन्नाची आकडेवारी एकाच मापाने मांडण्याचे काम त्यांनी केले. जन्म न्यूकॅसल अपॉन टाइन येथे. वडील रेल्वेत फिटर होते. १९३० च्या दशकातील मंदीत बेकारीने पोळलेल्या या औद्योगिक भागातच त्यांचे बालपण गेले. केंब्रिजच्या सेल्विन कॉलेजात शिकून ते १९५३ मध्ये पॅरिसला युरोपीय आर्थिक सहकार्य संघटनेत (पुढची ओईसीडी, म्हणजे आर्थिक सहकार्य व विकास संघटना) रुजू झाले. प्राध्यापकी उशिरा आली : १९७८ मध्ये, नेदरलँड्सच्या ग्रोनिंगन विद्यापीठात. आकड्यांवर प्रेम करणारा या अर्थाचा ‘शिफ्रफील’ हा शब्द त्यांनी स्वतःसाठी घडवला होता.

भारतीय वाचकाला मॅडिसन बहुधा नावाने माहीत नसतात, आकड्याने असतात. १७०० साली जगाच्या उत्पन्नात भारताचा वाटा २४.४ टक्के होता, हे भाषणांतून आणि व्हॉट्सॲपवरून फिरणारे विधान त्यांच्या २००१ च्या ग्रंथातले आहे. तो आकडा कसा निघाला, हे पाहण्यासारखे आहे. लोकसंख्या साडेसोळा कोटी (आजचा पाकिस्तान व बांगलादेश धरून), दरडोई उत्पन्न ५५० डॉलर. गुणाकार सुमारे ९१ अब्ज. जगाची बेरीज सुमारे ३७१ अब्ज. हे डॉलर १९९० च्या किमतींचे, क्रयशक्तीनुसार (तेवढ्या पैशांत कुठे किती वस्तू येतात त्यानुसार) जुळवलेले. जेमतेम जगण्यापुरते उत्पन्न त्यांनी ४०० डॉलर धरले होते. त्याच तक्त्यात त्याच वर्षी ब्रिटनचे दरडोई उत्पन्न १,२५० आहे. म्हणजे भारताचा वाटा मोठा दिसतो तो मुख्यतः माणसे जास्त होती म्हणून. २४.४ सांगताना ५५० गाळणे हा मॅडिसन यांच्यावर अन्यायच आहे.

मात्र तोच तक्ता वसाहतकाळाविषयी कठोर साक्षही देतो. १९५० मध्ये भारताचे दरडोई उत्पन्न ६१९ डॉलर होते, ब्रिटनचे सुमारे ६,९००. अडीचशे वर्षांत आपली वाढ सत्तर डॉलरांची. वाटा ४.२ टक्क्यांवर आला. अर्थात हा आकडा फाळणीनंतरच्या भारताचा आहे.

१८२० पूर्वीचे त्यांचे आकडे सर्वांत वादग्रस्त ठरले. भारतासाठी १५००, १६०० आणि १७०० या तिन्ही सालांपुढे ५५० हाच आकडा आहे. दोनशे वर्षे उत्पन्न जागचे हलले नाही, असे कुणी मोजलेले नाही. ते गृहीत धरलेले आहे. पश्चिम युरोपने चौदाव्या शतकातच चीनला मागे टाकले, असे मॅडिसन मानत. इतिहासकार केनेथ पोमेरान्झ यांनी २००० मध्ये चीनमधील यांगत्से खोऱ्याचा सुपीक त्रिभुज प्रदेश अठराव्या शतकापर्यंत इंग्लंडच्या तोडीचा होता असे मांडले. दक्षिण भारतातील विणकरांच्या मजुरीवरून इतिहासकार प्रसन्नन पार्थसारथी यांनीही भारतीय मजूर इंग्रज मजुरापेक्षा गरीब होता या जुन्या समजुतीला आव्हान दिले. उलट आर्थिक इतिहासकार स्टीफन ब्रॉडबेरी आणि विष्णुप्रिया गुप्ता यांच्या मोजणीत भारताचे दरडोई उत्पन्न सतराव्या शतकापासूनच घसरताना दिसते.

माझ्या मते मॅडिसन यांचे मोठेपण याच वादात आहे. त्यांनी अंदाज उघड्यावर मांडले, म्हणून ते खोडता आले. १९०० नंतरच्या भारतासाठी त्यांच्यासमोर एस. शिवसुब्रमणियन यांचे राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याचे चिकाटीचे काम होते. मोगलकाळासाठी तसे काहीच नव्हते. २०१० मध्ये सहकाऱ्यांनी ग्रोनिंगनमध्ये ‘मॅडिसन प्रकल्प’ सुरू केला. तिथे हे तक्ते सतत दुरुस्त होतात आणि अलीकडच्या आवृत्त्यांत १९९० ऐवजी २०११ च्या किमती आधार धरल्या आहेत.