डॅशबोर्ड पॅडचे तडे : जुन्या मोटारींतील दुरुस्ती आणि बदल

मोटारीच्या पुढच्या काचेखाली चालकासमोर आडवी पसरलेली मऊ गादी म्हणजे डॅशबोर्ड पॅड. आत पत्र्याचा किंवा कडक प्लास्टिकचा सांगाडा, त्यावर पॉलियुरेथेन फोम आणि सर्वांत वर व्हिनाइलची कातडी अशी त्याची बांधणी असते. ही कातडी वाळून, आखडून फाटली की ‘डॅश उकलला’ असे म्हणतात. जगभरच्या जुन्या गाड्यांना हा रोग आहे. नागपुरात तो लवकर जडतो आणि बरा झालेला पुन्हा उलटतो.

पूर्वी डॅशबोर्डला गादी नसे. फियाट ११०० च्या सुरुवातीच्या गाड्यांत समोर गाडीच्याच रंगाचा पत्रा असे, आणि पत्र्याला तडा जात नाही. अपघातात लोकांची तोंडे मात्र त्यावर आपटून फुटत. अशा चेहऱ्यांवर शस्त्रक्रिया करणारे डेट्रॉइटचे प्लास्टिक सर्जन क्लेअर स्ट्रेथ १९३० च्या दशकापासून मोटारीत मऊ डॅशबोर्ड हवा म्हणून कारखानदारांच्या मागे लागले होते. फोर्डने १९५६ च्या गाड्यांत तो जादा पैशांत देऊ केला. १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत गाडीच्या आतल्या भागांवर डोके आपटण्याविषयीचे सुरक्षा मानक लागू झाले आणि गादीचा डॅश सर्रास झाला. आपल्याकडे १९८४ मध्ये आलेली कॉन्टेसा आणि १९७६ पासून बनलेली डब्ल्यू १२३ मालिकेची मर्सिडीज या गाद्यांच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांतल्या ठळक गाड्या.

तडा का जातो, हे कळले की दुरुस्तीचे निम्मे प्रश्न सुटतात. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी मुळात पाइपासारखे कडक. ते मऊ व्हावे म्हणून त्यात तेलासारखे द्रव्य, प्लास्टिसायझर, मिसळलेले असते. उन्हात तापलेल्या बंद गाडीत हे द्रव्य हळूहळू उडून जाते, काही फोममध्ये मुरते. पुढच्या काचेला आतून चिकटणारा, ओल्या फडक्याने पुसला तरी फराटे ठेवणारा धुरकट थर बराचसा त्याचाच असतो. द्रव्य गेले की कातडी आखडते, पण खाली फोमला आणि सांगाड्याला जखडलेली असल्याने तिला हलायला जागा नसते. मग ती जिथे ताण एकवटतो तिथून सुटते : स्पीकरच्या जाळीचा कोपरा, काचेवर हवा सोडणाऱ्या फटीचे टोक, स्क्रूचे भोक. तड्यातून दिसणारा फोम सुरुवातीला पिवळा असतो, मग तपकिरी होतो, आणि बोट लावले की रव्यासारखा भुगा पडतो.

अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत, ३८ अंशांवरच्या दिवसांत तासभर उन्हात उभ्या गाड्यांचे डॅशबोर्ड सरासरी सुमारे ६९ अंश सेल्सिअसपर्यंत तापले होते. सावलीतल्या गाड्यांचे सुमारे ४८. नागपुरात ३८ अंश हा मे महिन्यातला सुखाचा दिवस. इथे २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद आहे, आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ पर्यंत उतरला होता. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) आणि पौषातली पहाट या दोन टोकांमध्ये पॅड दरवर्षी ताणला आणि दाबला जातो. व्हिनाइल पोलादाच्या निदान चार-पाच पट पसरते, त्यामुळे थंडीत तडा उघडतो आणि उन्हाळ्यात मिटल्यासारखा वाटतो. मे महिन्यात ‘आता बरा दिसतोय’ म्हणून सोडून दिलेले पॅड डिसेंबरात बोटभर फाटलेले सापडतात.

तडे भरणे हा पहिला उपाय. लहान, दोन-तीन तड्यांसाठीच तो करावा. आधी डॅश चमकवणाऱ्या पॉलिशचा प्रत्येक कण साबणाने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढावा लागतो. त्यातले सिलिकॉन तेल राहिले तर भरण धरत नाही आणि रंगाला डोळे, म्हणजे बारीक गोल खळगे, पडतात. तड्याच्या दोन्ही टोकांना दोन-तीन मिलिमीटरचे भोक पाडले की तो पुढे सरकत नाही. काठ ओठांसारखे वर वळलेले असतात. ते धारदार पात्याने तिरके कापून घळ करावी, खालचा भुसभुशीत फोम खरवडावा आणि लवचीक पॉलियुरेथेन भरावे. कातडीच्या वर किंचित उचललेले भरण ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरू करून ३२० पर्यंत घासून सपाट होते. राहतो तो कातडीवरचा दाणा. त्यासाठी न फाटलेल्या भागाचा सिलिकॉन रबरात ठसा घेऊन भरणाच्या शेवटच्या पातळ, ओल्या थरावर दाबतात. घाईचा मार्ग म्हणजे दाणेदार फवारा. शेवटी व्हिनाइलचा रंग, पातळ, तीन-चार हातांत.

सर्वांत जास्त कामे बिघडतात ती इपॉक्सी पुट्टीने. ती दगडासारखी धरते, रंगही सुरेख बसतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात तिच्या दोन्ही अंगांना दोन नवे तडे जातात. भरण कातडीइतकेच लवचीक हवे. ते भरावेही थंडीत, तडा पूर्ण उघडा असताना. मग उन्हाळ्यात ते दाबले जाते, ताणले जात नाही. नागपुरात अधिवेशनाचे दिवस, म्हणजे डिसेंबर, या कामाला सर्वांत चांगले.

दुसरा उपाय झाकणाचा. मूळ पॅडच्या आकाराची, साच्यात ओढलेली पातळ प्लास्टिकची टोपी सिलिकॉनने वरून चिकटवतात. लांबून कुणाला कळत नाही, पण काचेच्या काठाशी जोड दिसतो. गाडी प्रदर्शनासाठी नसेल तर यात कमीपणा काही नाही.

नागपुरात प्रत्यक्षात सर्वाधिक चालतो तो तिसरा मार्ग, कुशनवाल्याचा. पॅड खोलून त्याच्यासमोर ठेवला की तो नख दाबून पाहतो आणि म्हणतो, “भाऊ, हे तं पापडावाणी झालं. भरून फायदा नाई, पुरं सोलून टाकू.” तो जुनी कातडी सोलतो, फोम दुरुस्त करतो आणि वरून नवे रेग्झिन ओढतो. साधे रेग्झिन कापडाच्या पाठीचे असते. मीटरवरच्या घुमटासारख्या दोन्हीकडून वळणाऱ्या भागावर ते बसत नाही, चुण्या पडतात. मग शिवण घ्यावी लागते, जी मूळ गाडीत नसते. चारही बाजूंनी ताणणारे व्हिनाइल मागून घ्यावे. दुसरी गोम चिकटवायच्या सोल्युशनची. साधे रबर सोल्युशन साठ-सत्तर अंशांना नरम पडते, म्हणजे मे महिन्यातल्या डॅशच्याच तापमानाला, आणि खोलगट जागी रेग्झिन फुग्यासारखे उठते. उष्णता सोसणारे सोल्युशन दोन्ही अंगांना लावून, हात लावल्यावर चिकटेनासे होईपर्यंत वाळवून मगच जोडावे. कारागिराची घाई इथेच नडते.

पॅड खोलणे हेच कित्येकदा दुरुस्तीपेक्षा अवघड असते. बॅटरीचा निगेटिव्ह काढावा, स्पीडोमीटरची केबल मागून सोडवावी, वायरींचे फोटो घेऊन ठेवावेत. नट बहुधा खालून असतात आणि काही गाड्यांत पुढची काच उतरवल्याशिवाय पॅड निघत नाही. काचेचे जुने रबर कडक झालेले असते. नवे आधी मिळवून ठेवले नसेल तर गाडी महिनाभर बिनकाचेची उभी राहते.

नवा पॅड विकत घेणे सोपे वाटते, पण परदेशात तयार होणारे बहुतेक पॅड अमेरिकी बाजारासाठी, डाव्या सुकाणूच्या गाड्यांचे असतात. आपल्या उजव्या सुकाणूच्या गाडीत त्यांचा मीटरचा घुमट भलत्या बाजूला येतो. त्यामुळे शोध ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका अशा देशांत घ्यावा लागतो. जुन्या गाडीतून काढलेला पॅड घेताना तो कोणत्या हवेत राहिला हे विचारावे. कोरड्या उन्हाळी प्रदेशातला बिनगंजाचा सांगाडा मिळेल, पण कातडी मात्र आपल्यासारखीच वाळलेली.

हे जमत नसेल तर फायबरचा पॅड ओततात. जुना पॅड भरून गुळगुळीत करायचा, त्यावरून साचा घ्यायचा, आत जेलकोट (बाहेरून दिसणारा गुळगुळीत थर), काचतंतूंची मॅट आणि रेझिन चढवायचे. नागपूरच्या उन्हाळ्यात रेझिन घट्ट करणारा हार्डनर हात राखून घालावा लागतो, नाहीतर रेझिन डब्यातच तापून बसते. फायबर उन्हाला दबत नाही, म्हणून गॅरेजवाल्यांना ते आवडते. पण नुसता रंगवलेला फायबरचा डॅश म्हणजे पुन्हा कडक पत्र्याकडे जाणे. गादी ज्या डोक्यासाठी आली, त्याचा विसर पडतो. त्यावर फोमचा थर आणि व्हिनाइल हवेच.

कायद्याची भीती यात नाही. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. तिथे मोठा फेरबदल म्हणजे चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनातला. डॅशची गादी त्यात येत नाही.

दुरुस्त पॅडची निगा म्हणजे मुख्यतः सावली. नागपूरकर मे महिन्यात दुपट्टा बांधल्याशिवाय बाहेर पडत नाही, तसा डॅशही उघडा ठेवू नये : काचेला आतून परावर्तक पडदा, तो नसेल तर जुनी सुती चादर. कडुलिंबाखाली लावलेल्या गाडीचे टप चिकट होते आणि पाखरे घाण करतात, पण ते धुता येते.

काढलेला मूळ पॅड कितीही फाटला असला तरी भंगारात देऊ नये. उजव्या सुकाणूचा साचा पुन्हा घ्यायची वेळ आली, तर माप त्याच्यावरूनच मिळते.