ब्रूपब की टॅपरूम? आधी टाकी शोधा

गेल्या पावसाळ्यात माझा मामेभाऊ अकोल्याहून चार दिवसांसाठी पुण्याला आला होता. ताज्या बीअरबद्दल त्याने नुसतं ऐकलं होतं आणि या खेपेला ती प्यायचीच असं ठरवूनच तो आला होता. मी त्याला माझ्या आवडत्या टॅपरूममध्ये नेलं. भिंतीत ओळीने बसवलेले टॅप, वर काळ्या फळ्यावर खडूने लिहिलेली नावं. त्याने दोन घोट घेतले, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "दादा, पण मशीन कुठंय?" बीअर इथे बनत नाही, बाहेरून केगमध्ये, म्हणजे धातूच्या बंद पिंपात, येते, असं मी सांगितल्यावर त्याचा चेहराच पडला. "म्हणजे साधा बारच की हा."

दुसऱ्या दिवशी त्याला ब्रूपबमध्ये नेलं. काचेमागे तांब्याचा पत्रा चढवलेली भांडी, स्टीलच्या उंच टाक्या, गमबूट घालून पाइपाने फरशी धुणारा माणूस. भाऊ खूश झाला. फोटो काढून झाले, घरच्या ग्रुपवर गेलेही. ग्लास मात्र त्याने अर्धा सोडला, कारण बीअरला वितळलेल्या लोण्याचा वास येत होता. आदल्या दिवशीचा ग्लास त्याने शेवटच्या थेंबापर्यंत संपवला होता, हे मी त्याला आठवण करून दिलं, तेव्हा तो थोडा विचारात पडला.

हा घोळ एकट्या त्याचा नाही. पुण्या-मुंबईत आपण या दोन्ही ठिकाणांना सरसकट "मायक्रोब्रुअरी" म्हणतो, आणि दोन्हीकडे ग्लास साधारण सारखाच दिसतो. पण ब्रूपब म्हणजे जिथे बीअर बनते तिथेच ती प्यायला मिळते अशी जागा: टाक्या, स्वयंपाकघर आणि टेबलं एकाच छपराखाली. आणि टॅपरूम म्हणजे ब्रुअरीने आपली बीअर पाजण्यासाठी उघडलेली खोली. आपल्याकडच्या टॅपरूमची ब्रुअरी बहुतेक वेळा दुसरीकडे असते. तिथून केग निघतात, थंड खोलीत येऊन बसतात, आणि नळीवाटे बीअर टॅपला येते. मायक्रोब्रुअरी हा शब्द बनवणाऱ्याच्या आकाराबद्दल सांगतो, पिणारा कुठे बसलाय याबद्दल काहीच सांगत नाही.

परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींचा इथे आणखी एक गोंधळ होतो. अमेरिकेत टॅपरूम म्हटलं की ती सहसा ब्रुअरीच्या आवारातच असते, टाक्यांना खेटून. तिथल्या ब्रुअर्स असोसिएशनच्या व्याख्येप्रमाणे ब्रूपब आणि टॅपरूम ब्रुअरी दोघेही आपली किमान २५ टक्के बीअर स्वतःच्या जागेत विकतात. फरक जेवणाचा आहे. ब्रूपबला भरभक्कम स्वयंपाकघर असतं, टॅपरूमला नसतं. लोक बाहेर उभ्या असलेल्या फूड ट्रकवरून खाणं आणतात. तिकडे वेगळं काढायला ताट पाहावं लागतं, इकडे टाकी. शब्द तोच राहिला आणि मुंबईच्या जागेच्या भावात येऊन त्याचा अर्थ बदलला.

देवळालीचा ताप

महाराष्ट्रातली ही गोष्ट पुण्यात सुरू झाली. २००९ मध्ये डूलाली हे नाव घेऊन एका हॉटेलच्या आवारात ब्रूपब उघडला. देशातल्या अगदी पहिल्या मायक्रोब्रुअऱ्यांपैकी हा एक. नावाबद्दल थोडं विषयांतर करतो, कारण ते आपल्या घरचं आहे. नाशिकजवळच्या देवळालीला ब्रिटिश फौजेची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथे महिनोन्‌महिने पडून राहायचे. उकाडा, हिवताप आणि रिकामपण यांनी काहींचं डोकं फिरायचं. त्याला सैनिकांच्या बोलीत "डूलाली टॅप" म्हणू लागले. यातला टॅप म्हणजे नळ नव्हे, तो आपला ताप! पुढे इंग्रजीत नुसतं डूलाली म्हणजे वेडापिसा असा अर्थ रूढ झाला. मुंबईत याच कंपनीने आपल्या जागांना डूलाली टॅपरूम हे नाव दिलं. अंधेरीतल्या पाटीवर ते नाव मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हा जुना ताप आठवून मला फार आनंद झाला होता.

एकच कंपनी पुण्यात ब्रूपब म्हणून सुरू होते आणि मुंबईत टॅपरूम म्हणून वाढते, यातच दोन्हींचा हिशेब दिसतो. ब्रूपबला टाक्यांसाठी उंच छत लागतं, पाण्याने भरलेल्या टाक्यांचं वजन पेलणारी जमीन लागते, निचरा लागतो. एक लिटर बीअरमागे कित्येक लिटर पाणी जातं, कारण अर्ध्याहून जास्त काम धुण्याचंच असतं. शिवाय मद्य बनवायचा परवाना वेगळा आणि पाजायचा वेगळा. पुण्यात मुंढवा, कोरेगाव पार्क, बावधन या भागांत अशी जागा तेव्हा मिळू शकत होती. मुंढव्यात २०१४ मध्ये इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी उभी राहिली ती याच पद्धतीने. मुंबईतला पहिला ब्रूपब, द बार्किंग डिअर, २०१३ मध्ये लोअर परळला उघडला तेव्हा परवाना हातात यायचा होता. सुरुवातीचे काही महिने तिथे दुसऱ्यांचीच बीअर विकावी लागली. म्हणजे टाक्या समोर होत्या आणि ग्लासातली बीअर त्या टाक्यांतली नव्हती. तिसरा मार्ग गेटवे ब्रुइंग कंपनीने घेतला. ब्रुअरी डोंबिवलीच्या औद्योगिक भागात, सुरुवातीला स्वतःचा पब नाही, आणि व्हाइट झेन नावाची गव्हाची बीअर केगमधून मुंबईतल्या हॉटेलांच्या टॅपवर.

टाकीत काय चालतं

मोड आणून भाजलेले जव भरडतात आणि साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर भिजत ठेवतात. मोडामुळे दाण्यात तयार झालेली विकरं पिष्टाची साखर करतात. नाचणीला मोड आणून सत्त्व काढणाऱ्या घरांत हे फार समजावून सांगावं लागत नाही. ते गोड पाणी गाळून घ्यायचं आणि तासभर खळखळ उकळताना हॉप्स, म्हणजे एका वेलीची कडवट, सुगंधी फुलं, टाकायचे. कडूपणा उकळीच्या सुरुवातीला टाकलेल्या हॉप्सचा, सुगंध शेवटी टाकलेल्यांचा. मग झटपट थंड करून यीस्ट घालायचं. इथपर्यंतचं काम एका दिवसाचं. काचेमागे आपण फोटो काढतो ती चकचकीत भांडी याच एका दिवसाची.

खरी बीअर त्यामागच्या साध्या, बंद, कंटाळवाण्या दिसणाऱ्या टाक्यांत होते. एल प्रकारची असेल तर वीसेक अंशांवर आठवडाभर आंबते आणि दोन-तीन आठवड्यांत ग्लासात येऊ शकते. लागर असेल तर दहा अंशांच्या आसपास सावकाश आंबते आणि पुढे कित्येक आठवडे जवळजवळ गोठणबिंदूला टाकीत मुरत पडते. भावाच्या ग्लासातला लोण्याचा वास इथलाच असावा. आंबताना यीस्टपासून डायअसिटिल नावाचं रसायन तयार होतं, आणि आणखी दोन-तीन दिवस निवांत ठेवलं तर तेच यीस्ट ते परत खाऊन टाकतं. घाईने टाकी रिकामी केली की लोणी ग्लासात उतरतं.

आणि ही घाई ब्रूपबमध्ये जास्त होते, असं माझं बरेच ग्लास पिऊन झालेलं मत आहे. जागा कमी म्हणून टाक्या पाच-सहा. शनिवारी गर्दी तुटून पडणार, फळ्यावरचं नाव पुसावं लागू नये म्हणून मालकाचा तगादा. ब्रुअर बिचारा काय करणार? शहराबाहेर मोठ्या शेडमध्ये काम करणाऱ्या ब्रुअरकडे टाक्याही जास्त आणि मालकही रोज खांद्यावरून डोकावत नाही. तो लागरला सहा आठवडे देऊ शकतो. बीअर म्हणजे काही धारोष्ण दूध नव्हे, की गोठ्यात उभं राहून प्यायलं म्हणजे उत्तमच. तिला आधी मुरायला वेळ लागतो आणि मगच तिचं वय मोजायचं.

टॅपरूमचा धोका दुसऱ्या टोकाला आहे: प्रवास. केग भरला गेला, टेम्पोत चढला, एप्रिलच्या उन्हात घाटात अडकला, तर आतल्या बीअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. हॉप्सचा आंब्या-संत्र्यासारखा वास तर सगळ्यात आधी उडतो. पोचल्यावरही थंड खोलीपासून टॅपपर्यंतची नळी दोन आठवड्यांतून एकदा तरी नीट धुतली नाही, तर तिच्यात जंतू वाढतात आणि बीअर आंबूस लागते. ब्रूपबमध्येही नळ्या असतातच, पण तिथे काही वेळा थेट टाकीतूनच बीअर टॅपला जोडलेली असते, म्हणून वाट छोटी.

मग मागवायचं काय

टाकी कुठे आहे हा पहिला प्रश्न. पण त्याच्या मागोमाग विचारायचा प्रश्न आहे कधी. ब्रूपबमध्ये: "ही टाकी कधी लावली?" टॅपरूममध्ये: "हा केग कधी भरलाय?" मी दोन्हीकडे विचारतो. चांगल्या ठिकाणी कोणी वैतागत नाही. उलट काउंटरमागची पोरं खुलून बोलायला लागतात, कधी आतून ब्रुअरलाच बोलावतात. एका टॅपरूममध्ये एका मुलीने मला केगवरची चिठ्ठीच मोबाइलवर काढून आणून दाखवली होती. तिथे मी परत परत जातो. ज्या ठिकाणी "सर, एकदम फ्रेश आहे" यापलीकडे उत्तर येत नाही, तिथे मी लिंबूसोडा घेतो.

ब्रूपबमध्ये असाल तर गव्हाची बीअर घ्या, जर्मन पद्धतीची, गढूळ. केळं आणि लवंग यांचा तो वास यीस्टमधून येतो, त्यात केळंही नसतं आणि लवंगही नसते. ही बीअर तरुणपणीच चांगली लागते, म्हणून टाकीच्या जवळ प्यावी. मोसमी प्रयोगही तिथेच करून बघावेत, कारण शे-पाचशे लिटरची छोटी टाकी हापूस किंवा कोकम घालून बघायला ब्रुअर मोकळा असतो. टॅपरूममध्ये मी आधी लागर किंवा पिल्सनर (ही फिकट लागरच) मागतो. तिच्यात लपवायला काही नसतं, त्यामुळे ब्रुअरीचा धीर आणि टॅपरूमच्या नळ्यांची स्वच्छता दोन्ही एका घोटात कळतात. काळी स्टाउट कुठेही चालते, भाजक्या धान्याची चव प्रवास सोसते. आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्स घातलेली कडू एल, मात्र तारीख विचारल्याशिवाय कुठेच घेऊ नका.

चार-पाच छोट्या ग्लासांचा सँपलर दोन्हीकडे मिळतो. फिकट आणि सौम्य आधी, कडू आणि काळी शेवटी, मध्ये पाणी. मसाला पापड नंतर मागवा; लाल तिखट जिभेवर बसलं की हॉप्स आणि यीस्ट यांचा फरक कळत नाही. ग्लास आला की एकदा उजेडाकडे धरा. आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लासच नीट धुतलेला नाही, बदलून मागा. संकोच करू नका, तुम्ही पैसे मोजताय. एका संध्याकाळी दोनपेक्षा जास्त ठिकाणं करू नयेत, तिसऱ्या ठिकाणी आपण बीअरबद्दल बोलायला लायक राहत नाही. गाडी घरी ठेवा. आणि घरातल्या धाकट्या भावंडांना बरोबर नेणार असाल तर लक्षात ठेवा, महाराष्ट्रात सौम्य बीअरसाठीही वय २१ पूर्ण लागतं.

राहिला ग्राउलर, म्हणजे घरी न्यायची मोठी बाटली. २०२० च्या टाळेबंदीत मायक्रोब्रुअऱ्यांच्या टाक्यांत बीअर पडून होती, पिणारे घरात कोंडलेले, आणि ही बीअर टिकणारी नव्हे. तेव्हा राज्याने ग्राउलरमधून विकायला परवानगी दिली आणि आपल्याकडे ही बाटली लोकांना माहीत झाली. ब्रूपबमधून घ्या किंवा टॅपरूममधून, ती तुमच्यासमोर भरून घ्या आणि अगदी वरपर्यंत भरायला सांगा. मोकळी जागा राहिली की तिथे हवा राहते. घरी नेताना मांडीवर नको, बर्फाच्या पिशवीत ठेवा. फ्रीजमध्ये उभी ठेवा, दोन-तीन दिवसांत उघडा, आणि ज्या दिवशी उघडाल त्या दिवशी संपवायला माणसं बोलावून ठेवा.