तोंडावरचा दुपट्टा आणि धुळीचा मास्क

भंडारा, गोंदिया किंवा चंद्रपूरकडच्या गावात घरकुलाचे काम चालू असले, की कटरने फरशी कापणाऱ्या मिस्त्रीच्या तोंडावर दुपट्टा आणि रेती चाळणाऱ्या रेजाच्या (मजूर बाईच्या) नाकावर पदर बांधलेला हमखास दिसतो. धूळ जाऊ नये म्हणून बांधला, असे ते सांगतात आणि ते खोटेही नाही. परंतु दुपट्टा जी धूळ अडवतो ती वेगळी आणि फुप्फुस निकामी करते ती वेगळी.

डोळ्यांना दिसणारा धुळीचा कण साधारणपणे ५० मायक्रॉनहून (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा असतो. असा कण नाकातल्या केसांत किंवा घशाच्या ओलाव्यात अडकतो आणि शिंकेबरोबर, थुंकीबरोबर बाहेर पडतो. फरशी, काँक्रीट, वीट किंवा दगड कोरडा कापताना जी बारीक सिलिका (रेती-दगडातले खनिज) उडते, तिचे ५ मायक्रॉनहून लहान कण मात्र थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्यांपर्यंत उतरतात. शरीराला ते विरघळवता येत नाहीत; त्यांच्याभोवती व्रणाच्या गाठी धरतात आणि फुप्फुस हळूहळू ताठर होत जाते. हाच सिलिकोसिस. झालेली हानी भरून काढणारे औषध नाही आणि क्षयरोगाचा धोकाही त्याने वाढतो. बहुतेकांना त्रास जाणवू लागेपर्यंत १० ते २० वर्षे उलटलेली असतात, त्यामुळे आजच्या दम लागण्याचा संबंध तेव्हाच्या फरशीशी कोणी जोडत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

सुती दुपट्ट्याच्या विणीतली छिद्रे या बारीक कणांच्या कितीतरी पट मोठी असतात. दोन-तीन घड्या घातल्या तर थोडे कण अडतात, पण श्वास घेताना हवा कापडातून येण्याऐवजी नाकाच्या आणि गालांच्या कडेने आत शिरते. एन-९५ किंवा एफएफपी२ दर्जाच्या मास्कचे काम वेगळ्या तत्त्वावर चालते. त्यातल्या अतिबारीक तंतूंवर स्थिर विद्युतभार असतो आणि तो कणांना खेचून धरतो, म्हणूनच ०.३ मायक्रॉनच्या चाचणी-कणांपैकी किमान ९५ टक्के कण एन-९५ मास्कने अडवावेत, अशी अट आहे. साबणाने धुतल्यावर हा भार निघून जातो आणि मास्क वरून स्वच्छ, पण कामाचा राहत नाही. दुपट्टा धुवावाच लागतो, मास्क धुवायचा नसतो. दवाखान्यात मिळणारा निळा, सैल मास्कही या कामाचा नाही, कारण तो चेहऱ्याला चिकटून बसत नाही.

सगळी भिस्त या चिकटून बसण्यावर आहे. कानाला अडकवण्याच्या मास्कपेक्षा डोक्यामागून जाणाऱ्या दोन पट्ट्यांचा मास्क घट्ट बसतो. नाकावरची पट्टी दोन्ही हातांनी दाबावी आणि जोरात श्वास सोडून डोळ्यांकडे हवा येते का, ते पाहावे. दाढी वाढलेली असेल तर कडेने फट राहते. काही जण आधी दुपट्टा गुंडाळतात आणि त्यावर मास्क चढवतात. तसे केल्यास चांगला मास्कही वाया जातो. मास्क कातडीला लागून असावा आणि दुपट्टा उन्हासाठी डोक्यावर.

आणखी एक घोटाळा असा, की धूळ बसली असे दिसताच दुपट्टा खाली ओढला जातो. जाड कण मिनिटभरात खाली बसतात, पण एक-दोन मायक्रॉनचे कण बंद खोलीत तासन्तास तरंगत राहतात. झाडणाऱ्या रेजाला म्हणूनच मिस्त्रीइतकाच धोका असतो आणि तिला मास्क द्यायचे बहुधा कोणाच्या ध्यानात येत नाही. कोरडे झाडण्याऐवजी आधी पाणी शिंपडावे. दुपट्ट्यात साचलेली धूळ घरी जाऊन लेकरांजवळ झटकू नये.

पश्चिम विदर्भातल्या काळ्या दगडात मुक्त (इतर खनिजांत न बांधलेली) सिलिका फार कमी असते आणि पूर्वेकडच्या ग्रॅनाइट, क्वार्ट्झाइटमध्ये ती भरपूर असते, हे खरे आहे. पण वैनगंगा-कन्हानची रेती दूरदूरच्या कामांवर जाते आणि ती प्रामुख्याने क्वार्ट्झची, म्हणजे मुक्त सिलिकेचीच असते, त्यामुळे आमच्याकडे काळा दगड आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की मास्क सोसवत नाही, ही तक्रार खोटी नाही. श्वास सोडण्याची झडप असलेला मास्क घ्यावा, कापण्याचे काम सकाळीच उरकावे आणि घामाने भिजलेला किंवा श्वास ओढायला जड झालेला मास्क बदलावा. मात्र मास्कच्याही आधी धूळ उडूच न देणे महत्त्वाचे. पात्यावर पाण्याची धार सोडून कापले तर बहुतांश धूळ जागच्या जागी चिखल होऊन बसते. त्यासाठी पाण्याची सोय असलेलेच यंत्र हवे आणि वीजजोडणीला गळती होताच प्रवाह तोडणारा ब्रेकर हवा. साध्या कटरवर बाटलीने पाणी ओतणे म्हणजे विजेच्या धक्क्याला निमंत्रण आहे. हा खर्च ठेकेदाराने करायचा आहे, रोजीवर आलेल्या मजुराने नव्हे.