गाडीचा मागचा स्पीकर मुका झालाय? नवा घेण्याआधी एवढं करून बघा

"मागचा डावा बंद आहे, नवा टाकून द्या." आमच्या काउंटरवर हे वाक्य नेहमी ऐकू येतं. आम्ही स्पीकर विकतो, तेव्हा लगेच 'हो' म्हणायला काही हरकत नव्हती. पण डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, उघडल्यावर स्पीकर ठणठणीत आणि बिघाड भलतीकडेच, असं इतक्यांदा झालंय की आता आधी तपासणी, मग विक्री. त्यातली बरीचशी तपासणी तुम्ही घरीच करू शकता.

आधी डेकचं, म्हणजे डॅशबोर्डवरच्या म्युझिक सिस्टिमचं, सेटिंग. हसू नका, निव्वळ एवढ्यावरून परत गेलेल्या गाड्या आहेत. टचस्क्रीनवर सीटच्या चित्रात आवाज कुठे जास्त जातोय ते दाखवणारा एक ठिपका असतो. लहान मुलाचं बोट लागून तो पुढच्या उजव्या कोपऱ्यात गेला, की मागचा डावा गप्प. ठिपका मधोमध आणा. काही डेकमध्ये मागचं आउटपुट सबवूफरसाठी (फक्त बासचा स्पीकर) वळवायची सोय असते, तेही पाहून घ्या. आणि तपासताना गाणंच लावा. फोन कॉल आणि नकाशाचा आवाज बऱ्याच गाड्यांत फक्त पुढच्या स्पीकरमधूनच येतो.

सेटिंग बरोबर असेल तर अदलाबदल. आम्ही सगळ्यात जास्त भरवसा याच चाचणीवर ठेवतो, कारण तिला मीटरही लागत नाही. डेक बंद करून बाहेर काढा आणि मागच्या डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरजोड्या एकमेकींच्या जागी जोडा. बाहेरून बसवलेल्या डेकला सहसा मागच्या डाव्याची जोडी हिरवी आणि उजव्याची जांभळी असते, काळी रेघ असलेली तार उणे. कंपनीच्या मूळ वायरिंगचे रंग मात्र गाडीगणिक वेगळे, तिथे अंदाज चालवू नका. आता गाणं लावा. आतापर्यंत वाजणारा उजवा गप्प झाला आणि डावा बोलू लागला, तर डेकचा चॅनेल, म्हणजे त्या बाजूचं आउटपुट, गेलाय. नवा स्पीकर घेऊन काही उपयोग नाही. डावा तरीही गप्पच राहिला, तर बिघाड वायरमध्ये किंवा स्पीकरमध्ये. वेगळा अँप्लिफायर असेल तर हीच अदलाबदल त्याच्या आउटपुटवर करा.

स्पीकर जिवंत आहे का, हे कळायला घड्याळातला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरतो. स्पीकरचा कपलर (वायर जोडायचा प्लग) काढा, दोन टर्मिनलना दोन तारा लावा आणि सेलला क्षणभर टेकवा. 'टप्' असा आवाज आला आणि कोन (समोरचा हलणारा पडदा) हलला, तर कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) शाबूत आहे. अधिकला अधिक लावलं की कोन बाहेरच्या बाजूला येतो. सेल धरून ठेवू नका. गाडीची 12 व्होल्टची बॅटरी तर अजिबात लावू नका, कॉइल जळू शकते. मीटर असेल तर 4 ओहमचा स्पीकर 3 ते 3.7 च्या आसपास दाखवतो. तो आकडा योग्यच आहे, कमी दिसतो म्हणून घाबरू नका. आकडाच आला नाही, तर कॉइल किंवा कोनकडे जाणारी विणलेली बारीक तार तुटली आहे. कोन बोटांनी सगळीकडून सारखा, हलकेच दाबून बघा. आत खरखर घासलं तर कॉइल जागेवरून सरकली आहे, आकडा कितीही बरोबर येवो.

स्पीकर बरा, डेकही बरा, म्हणजे उरली वायर. इथे एक गाडी आठवते. मागचं दार उघडं असलं की स्पीकर वाजायचा, बंद केलं की गप्प. मालकाचे दोन स्पीकर बदलून झाले होते. बिजागरीजवळ दार आणि बॉडीच्या मधे वायरी ज्या रबरी नळीतून जातात, ती आम्ही मागे सारली. वरचं प्लास्टिक अगदी अखंड होतं, पण चिमटीत धरून ओढल्यावर तार रबरासारखी ताणली गेली. आतलं तांबं तुटलेलं होतं, दार उघडलं की टोकं टेकायची, मिटलं की सुटायची. दाराची उघडझाप ती वायर रोज वाकवते, त्यामुळे तुटण्याची ही ठरलेली जागा. ओढून ताणली जाते का, हे बघायला मिनिटसुद्धा लागत नाही.

वायर मीटरवर तपासताना ती दोन्ही टोकांना मोकळी हवी आणि डेक बंद हवा. सलगता, म्हणजे तार आतून अखंड आहे का, ते बघाच, पण प्रत्येक तार बॉडीला टेकत नाही ना, हेही बघा. बहुतेक डेकच्या दोन्ही स्पीकर-तारांवर बॅटरीच्या निम्मा, म्हणजे सहाएक व्होल्ट दाब असतो. म्हणून उणे तारेला बॉडीचं अर्थिंग द्यायचं नसतं. कुठे खरचटलेली तार पत्र्याला लागली, की अनेक डेक स्वतःला वाचवायला चारही स्पीकर बंद करतात. खड्ड्यात गाडी आदळल्यावर सगळेच स्पीकर गप्प होत असतील, तर शोध इथून सुरू करा.

पिवळे कपलर दिसले तर हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात.

नवा स्पीकर लागलाच, तर ओहम जुन्याइतकेच ठेवा आणि अधिक-उणे उलट जोडू नका. उलट लागला तरी वाजतो, पण शेजारच्याशी जुळत नाही आणि बास पातळ होतो. मागच्या काचेखालच्या ट्रेवरचे स्पीकर उन्हात भाजतात. त्यांची फोमची कड बोट लावताच भुगा होत असेल, तर पुढची कुठलीही तपासणी नको.

आमच्याकडे येताना दोष कधी दिसतो ते सांगा: दार मिटल्यावर, पावसानंतर, आवाज वाढवल्यावर की कायमच. आणि काढलेला जुना स्पीकर टाकून देऊ नका, बरोबर आणा. सेल लावून तुमच्यासमोरच बघू.