खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतील गढूळपणा

समुद्री मासे ठेवलेल्या टाकीतील पाण्याची पारदर्शकता जाणे. तरंगते कण, बेसुमार वाढलेले जीवाणू, सूक्ष्म शैवाल, चुन्याचा साका किंवा नुसते हवेचे बुडबुडे, यांपैकी कशानेही पाणी गढुळते. काचेबाहेरून ही सारी कारणे जवळजवळ सारखीच दिसतात आणि तिथेच घोटाळा होतो: कारण न ओळखता बाटल्यांतली औषधे ओतली जातात आणि साधा गढूळपणा माशांच्या जिवावर बेततो.

बडोद्यापासून खंबायतचे आखात फार लांब नाही. तरी तिथले पाणी कॅनमध्ये भरून आणण्यात अर्थ नाही. मही, साबरमती, नर्मदा, तापी या नद्यांचा गाळ आणि काही ठिकाणी दहा मीटरांवर जाणारी भरती यांमुळे ते दुधाच्या चहासारखे दिसते. गुजरातेत मीठ मुबलक म्हणून खडेमीठ विरघळवून पाहण्याचा मोहही नवख्याला होतो. पण मिठागरात मीठ धरेपर्यंत चुना आणि जिप्सम आधीच तळाशी बसलेले असतात, मॅग्नेशियम मागे उरलेल्या कडवट पाण्यात राहते. हाती येते ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. पुड्यातल्या मिठात तर गुठळ्या होऊ नयेत म्हणून जे घालतात, त्यानेच पाणी पांढुरके होते. तेव्हा बडोद्यातल्या दांडिया बाजारातला वाडा असो की अलकापुरीतला फ्लॅट, तयार समुद्री मीठमिश्रणाला पर्याय नाही. प्रमाण लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास.

पहिला गढूळपणा बहुधा बादलीतच होतो. पाण्यात मीठ घालायचे असते, मिठावर पाणी ओतायचे नसते. ढिगावर पाणी पडले की तिथल्या तिथे कॅल्शियम आणि कार्बोनेट यांची गाठ पडून साका धरतो आणि मग कितीही ढवळा, तो विरघळत नाही. पंप चालू ठेवून थोडे थोडे मीठ सोडावे व काही तास फिरू द्यावे. पाणी आरओचे हवे. पण स्वयंपाकघरातल्या बऱ्याच यंत्रांत चवीसाठी क्षार परत मिसळलेले असतात. टाकीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) शून्याजवळ लागतो.

कारण ओळखायला काचेचा पेला पुरतो. टाकीतले पाणी त्यात भरून खिडकीपाशी ठेवावे. मिनिटा-दोन मिनिटांत तळाकडून वर निवळत गेले, तर ते बुडबुडे. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने मुख्य टाकीखालच्या, फिल्टर-पंपाच्या टाकीतली पातळी उतरते, पंप हवा ओढू लागतो आणि वर धुके दिसते; साधे आरओ पाणी भरले की काम झाले. (मीठ घातलेले भरू नये, उडते ते फक्त पाणी.) काही तासांत वरून खाली निवळून पेल्याच्या बुडाशी पांढरा थर बसला, तर ती वाळूची भुकटी किंवा साका. थरावर व्हिनेगरचे थेंब टाकून फसफसले, तर तो चुना आहे. रात्रभर ठेवूनही पेला दुधाळच राहिला, तर जीवाणू.

वाळूची भुकटी दोन-तीन दिवसांत बसते. खाऱ्या पाण्यात मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून गोड्या पाण्यापेक्षा लवकर खाली येतात. पावसाळ्यात पिण्याच्या पाण्यात तुरटी फिरवायची सवय असलेल्या घरात तोच उपाय टाकीवर करण्याची इच्छा होते. करू नये. तुरटी पाण्यातली अल्कता खाते, सामू खाली आणते आणि ॲल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना त्रास देते.

खरा धोका दुधाळ पाण्याचा. दगड-वाळूखाली मेलेली गोगलगाय, दोन चिमट्या जादा खाणे, नाहीतर नायट्रेट उतरवण्यासाठी जीवाणूंना खाद्य म्हणून दिलेला कार्बन जास्त होणे, एवढ्यावर जीवाणू रातोरात फोफावतात. (परदेशी छंदिष्ट यासाठी व्होडका वापरतात, दारूबंदीच्या गुजरातेत साखर किंवा व्हिनेगर.) हे जीवाणू प्राणवायू ओढतात. खाऱ्या पाण्यात तो मुळातच गोड्यापेक्षा सुमारे पंचमांशाने कमी विरघळतो, त्यातून मे महिन्याचा उकाडा. सकाळी दिवा लावताच मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून भराभर श्वास घेताना दिसले, तर आधी हवेचा पंप, मग बाकीचे सगळे. खाणे व कार्बन बंद, स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारे यंत्र) पूर्ण जोरात, मेलेले शोधून बाहेर, अमोनिया तपासून गरजेप्रमाणे पाणी बदल. अतिनील दिव्याने जीवाणूंबरोबर हिरवे शैवालही आटोक्यात येते. वीज जाऊन फिल्टर बराच वेळ बंद राहिला की आतले जीवाणू मरून हीच अवस्था होते. विश्वामित्री नदीला ऑगस्ट २०२४ मध्ये आला तसा पूर बडोदेकरांनी पाहिला आहे, त्यामुळे बॅटरीवरचा हवेचा पंप घरात असलेला बरा.

कॅल्शियम किंवा अल्कतेचा डोस दिल्यावर लगेच बर्फासारखे कण दिसले, तर दोन्ही वाजवीपेक्षा वर गेले आहेत किंवा मॅग्नेशियम कमी आहे. कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १,३०० पीपीएमच्या आसपास, अल्कता ७ ते ११ डीकेएच (अल्कता मोजण्याचे एकक) ही सर्वसाधारण मर्यादा. अशा वेळी डोस थांबवणे एवढेच करायचे. हे डोस असतात प्रवाळांसाठी, आणि भारतात दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित, आहेत. बहुतेक घरच्या टाक्या त्यामुळे फक्त माशांच्या, आणि माशांपुरत्या टाकीला हे डोस मुळात लागतच नाहीत; नियमित पाणी बदल पुरतो.

काचेमागे पांढरा कागद धरल्यावर पाणी पिवळसर पण आरपार दिसले, तर तो गढूळपणा नाही. विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यांचा तो रंग असतो आणि सक्रिय कोळशाच्या पिशवीने दोन-चार दिवसांत उतरतो. पिशवी आधी धुवावी, नाहीतर कोळशाची काळी पूड पाण्यात उतरते.