फ्लोरेन्सला कोणत्या महिन्यात जावं? महिनावार हवामान, कपडे आणि दिवसाची आखणी

इटलीची सहल ठरवताना आधी विमानाचं तिकीट, मग रजा आणि शेवटी, बॅग भरताना, हवामान असा क्रम बहुतेक घरांत असतो. फ्लोरेन्ससाठी हा क्रम उलटा करा, अशी आमची मनापासून विनंती आहे. हे शहर पायी बघायचं असतं. जुन्या भागात बस जवळजवळ कुठेच दारापर्यंत नेत नाही. दिवसाला आठ-दहा किलोमीटर चालणं सहज होतं, तेही दगडी फरसबंदीवरून. त्यामुळे महिना चुकला तर नुसती गैरसोय होत नाही, अख्खा दिवस वाया जातो.

फ्लोरेन्स समुद्रसपाटीपासून जेमतेम ५० मीटर उंचीवर, आर्नो नदीच्या खोलगट खोऱ्यात वसलेलं आहे. उत्तरेला फिएसोलेच्या टेकड्या आणि त्यामागे अपेनाइन डोंगर, दक्षिणेला क्यांतीच्या टेकड्या. समुद्र दूर पश्चिमेला, त्यामुळे खारा वारा इथवर पोचत नाही. एखाद्या पातेल्यात असावी तशी हवा तिथल्या तिथे राहते. उन्हाळ्यात उष्मा साचतो आणि हिवाळ्यात गारठा तळाला बसतो. शहराच्या पेरेतोला विमानतळावर २६ जुलै १९८३ ला ४२.६ अंशांची नोंद झाली होती, आणि दीडच वर्षाने, १२ जानेवारी १९८५ ला, उणे २३.२ अंशांची. हे टोकाचे आकडे आहेत, नेहमीचे नव्हेत. पण खोरं काय करू शकतं ते त्यावरून कळतं.

पाऊस वर्षाला साधारण ८७० मिलिमीटर. पुण्याहून थोडा जास्तच, पण चार महिन्यांत न पडता बारा महिन्यांत वाटलेला. ‘पावसाळा संपल्यावर जाऊ’ हा हिशेब इथे चालत नाही.

मे आणि जून

शाळांच्या सुट्टीमुळे मराठी कुटुंबांचा कल मे महिन्याकडे असतो, म्हणून तिथूनच सुरुवात करू. मे चांगला महिना आहे. दुपारी २३-२४ अंश, पहाटे १२, महिन्याचा पाऊस ७० मिलिमीटरच्या आसपास. पाऊस सरींचा असतो. दुपारनंतर ढग भरून येतात, अर्धा-पाऊण तास पडतो आणि आकाश मोकळं होतं. उजेड रात्री साडेआठपर्यंत टिकतो.

मे महिन्यात हमखास होणारी चूक कपड्यांची. आपण चाळीस अंशांतून निघतो, त्यामुळे बॅगेत फक्त उन्हाळी कपडे जातात. मग रात्री नऊ वाजता नदीकाठी १४-१५ अंशांत मुलं कुडकुडतात. जाड स्वेटर नको. सुती शर्ट, त्यावर पातळ पूर्ण बाह्यांचं काहीतरी आणि वर विंडचीटर, असे तीन थर ठेवा. दिवसभरात एकेक काढत जायचं आणि संध्याकाळी परत चढवायचं.

दुसरी गोष्ट खोलीतल्या हीटरची. इटलीत कुठल्या शहरात हीटिंग कधी सुरू ठेवायचं हे कायद्याने ठरलेलं आहे. फ्लोरेन्स ज्या पट्ट्यात येतं, तिथे ही मुदत १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल, आणि त्यातही दिवसाला जास्तीत जास्त १२ तास. मे महिन्यात गार पावसाचे दोन दिवस आले आणि रेडिएटर थंडच राहिला, तर तो बहुधा बिघडलेला नसतो. रिसेप्शनवर जादा ब्लँकेट मागा, लगेच मिळतं.

मे महिन्याच्या २० तारखेच्या आत जात असाल तर पियाझ्झाले मिकेलांजेलो या टेकडीवरच्या चौकाशेजारची आयरिसची बाग चुकवू नका. आयरिस हे फ्लोरेन्सच्या बोधचिन्हातलं फूल. बाग वर्षातून जेमतेम तीन-चार आठवडेच उघडी असते, साधारण २५ एप्रिलपासून.

जूनचे दोन भाग समजा. पहिले दोन आठवडे सुखाचे, नंतर पारा चढू लागतो. सरासरी कमाल २८ असली तरी शेवटच्या आठवड्यात ३४-३५ अंश सहज होतात. २४ जूनला शहराचे संरक्षक संत जॉन यांचा सण असतो. रात्री आतषबाजी होते आणि नदीकाठ माणसांनी फुलून जातो. त्या दिवशी खोल्यांचे दर चढलेले असतात.

जुलै आणि ऑगस्ट

पर्याय असेल तर हे दोन महिने टाळा, असं आम्ही स्पष्ट सांगतो. सरासरी कमाल ३१-३२ हा आकडा फसवा आहे. उष्णतेची लाट आली की ३७-३८ अंश होतात. विदर्भातल्या माणसाला हे किरकोळ वाटेल, पण फरक समजून घ्या. इथे छताला पंखे नसतात. अरुंद गल्ल्यांतला दगड दिवसभर तापतो आणि रात्री बाराला हात लावला तरी कोमट लागतो. वारा पडलेला असतो. आणि घरी आपण दुपारी दोनला रस्त्यावर चालत नाही, सहलीत मात्र तेच करतो.

जायचंच असेल तर दिवसाचे तीन तुकडे करा. सकाळी आठ ते साडेअकरा बाहेरची ठिकाणं. बारा ते पाच उफिझीसारखं वातानुकूलित संग्रहालय किंवा खोलीवर विश्रांती. सहानंतर पुन्हा बाहेर. बोबोली उद्यान दुपारी मुळीच नको. चढ आहे आणि मुख्य वाटांवर सावली तुटपुंजी. दुओमो या मुख्य चर्चच्या घुमटाच्या ४६३ पायऱ्यांसाठी सकाळची पहिली वेळ आरक्षित करा. लिफ्ट नाही. वाट घुमटाच्या दोन कवचांमधून जाते, एका माणसापुरती अरुंद, आणि मधूनच परत फिरणं जवळपास अशक्य. रक्तदाब, दमा किंवा गुडघ्यांचा त्रास असलेल्या आजी-आजोबांनी उन्हाळ्यात हा चढ टाळावा.

खोलीत गरम होतं म्हणून आपण सवयीने खिडक्या उघडतो. इथे दुपारी ते उलटं पडतं. जुन्या इमारतींच्या जाड भिंती रात्रीचा गारवा धरून ठेवतात, आणि उघड्या खिडकीतून फक्त झळा आत येतात. म्हणून सकाळी नऊनंतर बाहेरच्या लाकडी झडपा ओढून घ्या आणि सूर्य मावळल्यावर उघडा. फक्त खिडक्यांना जाळी आहे का ते आधी बघा. इथले पट्टेरी टायगर डास दिवसाही चावतात, पायाच्या घोट्यापाशी जास्त. डास पळवणारं मलम मे ते ऑक्टोबर जवळ असू द्या. खोली आरक्षित करताना ‘वातानुकूलन आहे’ एवढ्यावर थांबू नका. ते त्या खोलीत आहे का आणि तुम्हाला चालू-बंद करता येतं का, हे विचारा.

नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे. सिन्योरिया चौकात, नेपच्यूनच्या कारंज्याजवळ, पलाझ्झो वेक्कियोच्या भिंतीशी एक सार्वजनिक नळ आहे. तिथे साधं आणि सोडायुक्त, दोन्ही पाणी फुकट मिळतं. एक लिटरची रिकामी बाटली घरूनच न्या. माणशी तीन लिटर पाणी दिवसभरात जायला हवं. ओआरएसची पाच-सहा पाकिटं घरूनच ठेवा.

चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, उन्हाळ्यातही. पातळ ओढणी पिशवीत असली की काम भागतं.

१५ ऑगस्टच्या सुट्टीला जोडून जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की इटलीतही त्या दिवशी मोठी सुट्टी असते, तिला फेरागोस्तो म्हणतात. त्याच्या आगेमागे घरगुती खाणावळी आठवडा-दोन आठवडे बंद असतात. शाकाहारी मंडळींनी जेवणाची जागा उघडी आहे का, ते आदल्या दिवशी फोन करून विचारावं.

लाट फार वाढली तर सात क्रमांकाच्या बसने फिएसोलेला जा. सुमारे ३०० मीटर उंचीवरचं हे गाव संध्याकाळी शहरापेक्षा दोन-तीन अंशांनी गार असतं, आणि वरून सगळं खोरं दिसतं. मोठ्या उष्म्यानंतर ऑगस्टमध्ये वादळं येतात, कधी गारांसकट. १ ऑगस्ट २०१५ च्या अशाच वादळाने शहराच्या दक्षिण भागात असंख्य झाडं पाडली. आकाश हिरवट-काळं दिसलं तर झाडाखाली थांबू नका, कमानीखाली जा.

सप्टेंबर

रजा हातात असेल त्यांना आम्ही हाच महिना सुचवतो. कमाल २७, किमान १५. पहिल्या पंधरवड्यात ऊन सोनेरी आणि कोरडं, पुढच्या पंधरवड्यात सरी वाढतात. क्यांतीत द्राक्षांची तोडणी सुरू होते, बाजारात अंजिरं येतात. ७ सप्टेंबरच्या संध्याकाळी मुलं कागदी कंदील काठीला लावून रस्त्यांवरून मिरवतात. आकाशकंदील बनवणाऱ्या आपल्या पोरांना हे बघताना फार आनंद होईल.

ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि दिवाळीची सुट्टी

ऑक्टोबरचा पूर्वार्ध सुंदर असतो, २१-२२ अंशांचा. मग पाऊस बस्तान मांडतो. ऑक्टोबरात १०० मिलिमीटरच्या पुढे आणि नोव्हेंबरात त्याहून जास्त, वर्षातला सर्वाधिक. हा सरींचा पाऊस नाही, दिवसभर रिपरिपणारा आहे.

दिवाळी कधी येते ते इथे महत्त्वाचं ठरतं. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे हीटिंग सुरू झालेलं असेल, पण पाऊस ऐन भरात. २०२७ मध्ये २९ ऑक्टोबरला आहे. पाऊस थोडा कमी मिळेल, पण १ नोव्हेंबरपर्यंत खोली गार राहू शकते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि सव्वापाचला अंधार पडू लागतो. बाहेरची ठिकाणं सकाळी उरका, संग्रहालयं दुपारनंतर. मात्र उफिझी आणि अकादेमिया, म्हणजे डेव्हिडचा पुतळा जिथे आहे ते, सोमवारी बंद असतात. पावसाचा सोमवार हाताशी आला तर एखादं चर्च किंवा जवळची मंडई निवडा.

ओल्या फरसबंदीबद्दल विशेष सांगणं आहे. शतकानुशतकं पावलांनी घासून हे दगड गुळगुळीत झालेत. चामड्याच्या तळाची कोल्हापुरी किंवा झिजलेले बूट त्यावर साबणासारखे सरकतात. रबरी, खाचा असलेला तळ हवा, आणि ते बूट आधी घरी पंधरा दिवस वापरलेले हवेत. मोठी छत्री संग्रहालयात नेता येत नाही, ठेवून द्यावी लागते. घडीची छोटी छत्री बरी.

सांता क्रोचे चर्चजवळ व्हिया सान रेमीजो नावाच्या गल्लीच्या कोपऱ्यावर मान वर करून बघा. एका दगडी पाटीवर लाटांमधून वर आलेला कोरीव हात आहे आणि त्याचं बोट पाण्याची रेषा दाखवतं. हा ४ नोव्हेंबर १३३३ चा पूर. त्याच्याही वर दुसरी पाटी आहे, ४ नोव्हेंबर १९६६ ची. तारीख तीच, मधे ६३३ वर्षं. १९६६ ला सांता क्रोचेच्या भागात पाणी ६.७ मीटरपर्यंत चढलं होतं. नोव्हेंबरचा पाऊस हे शहर इतक्या गांभीर्याने का घेतं, ते त्या कोपऱ्यावर उभं राहिलं की कळतं.

डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी

दुपारी १०-१२ अंश, पहाटे दोन-तीन. निफाडला पारा पाचाखाली गेला की आपल्याकडे बातमी होते. इथे जानेवारीत ते रोजचं आहे, वर हवा दमट. थर्मल, लोकरी मोजे, कानटोपी आणि वारा अडवणारं जाकीट, एवढं पुरतं. उत्तरेकडून त्रामोंताना वारा सुटला तर हवा स्वच्छ होते, पण गारठा हाडांत शिरतो. बर्फ क्वचित पडतो. १७ डिसेंबर २०१० सारखा जोराचा पडला, तर शहर ठप्प होतं. धुतलेले कपडे खोलीत दोन दिवस वाळत नाहीत, म्हणून आतले कपडे जास्तीचे घ्या. ख्रिसमस ते ६ जानेवारी गर्दी असते. त्यानंतर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत शहर वर्षातलं सर्वात मोकळं आणि स्वस्त. रांगांचा तिटकारा असेल आणि थंडी सोसवत असेल, तर हाच काळ घ्या. या दिवसांत रिबोल्लिता मागवा. शिळा पाव, पांढरे घेवडे आणि काळपट हिरवी पालेभाजी यांचं हे दाट सूप. बहुधा मांसाशिवाय असतं, तरी विचारून घ्या.

मार्च आणि एप्रिल

मार्च लहरी असतो. १६ अंशांचं ऊन आणि दुसऱ्याच दिवशी धो-धो. १४ मार्च २०२५ ला फ्लोरेन्समध्ये पावसाचा लाल इशारा होता आणि आर्नो दुथडी भरून वाहिली. एप्रिल १९ अंशांपर्यंत जातो, पाऊस ८५ मिलिमीटरच्या आसपास. महिन्याच्या मध्यावर बार्दिनी बागेतला निळा-जांभळा विस्टेरियाचा मांडव बहरतो. ईस्टरच्या रविवारी दुओमोसमोर फटाक्यांचा रथ उडवतात. २०२७ चा ईस्टर २८ मार्चला आहे. त्या आठवड्यात राहण्याची सोय सहा महिने आधी पक्की करा.

विमान आणि इशारे

पेरेतोलाची धावपट्टी आखूड आणि डोंगराच्या कुशीत आहे. वारा प्रतिकूल असला की विमानं पिसा किंवा बोलोन्याला वळवली जातात. त्यामुळे उतरल्या दिवशी कुठलंही वेळेचं तिकीट ठेवू नका. भारताशी वेळेचा फरक हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन.

तोस्काना प्रांताचे इशारे पिवळा, नारिंगी आणि लाल अशा रंगांत येतात. पिवळ्याला छत्री घेऊन फिरता येतं. नारिंगीला आर्नोचा काठ आणि बागा सोडा. लाल असेल तर संग्रहालयंही बंद होऊ शकतात, बाहेर पडण्याआधी हॉटेलात विचारा. निघण्याच्या तीन दिवस आधी अंदाज बघून तुमची दिवसांची आखणी आम्ही पुन्हा एकदा तपासून देतो. घुमटाची आरक्षित वेळ मात्र बदलत नाही, म्हणून ती ठरवतानाच वरचा महिना नीट वाचा.